लेखकाचा हट्ट आणि पुस्तकाचे मुखपृष्ठ

लेखक आणि मुखपृष्ठकार यांच्यात जे खटके उडतात, त्यांतले बहुतेक लेखकाने भलत्या जागी हट्ट धरल्यामुळे उडतात, असे माझे निरीक्षण आहे. चित्रात नायिका कोणत्या दिशेला पाहत असावी, आभाळ निळे असावे की राखाडी, मागे पिंपळ असावा की वड, यांवर लेखक तासन्‌तास बोलतो. पण शीर्षकातल्या रफाराची जागा, मलपृष्ठावरच्या मजकुराची लांबी, स्पाइनवरच्या (पुस्तकाच्या कण्यावरच्या) नावाचा आकार आणि चित्राच्या हक्कांचा कागद या गोष्टी मात्र तो ‘ते प्रकाशक बघतील’ म्हणून सोडून देतो. माझ्या मते हे अगदी उलटे व्हायला हवे. चित्र चित्रकाराचे, ते त्याच्यावर सोपवावे. अक्षरे, मजकूर, माप आणि करार यांबाबत मात्र लेखकाने चिवटपणे विचारत राहावे, प्रसंगी थोडा वाईटपणाही घ्यावा.

मी ठाण्याला नौपाड्यात राहते. माझ्या अलीकडच्या पुस्तकांची मुखपृष्ठे ऐरोलीत राहणाऱ्या एकाच चित्रकाराने केली आहेत. छपाई वागळे इस्टेट या ठाण्याच्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका छापखान्यात झाली आणि प्रकाशक पुण्याचे. या चौघांत मी एकटीच अशी, की जिला यंत्रातले, रंगातले किंवा व्यवहारातले काही शिकवलेले नव्हते. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते शेजारी बसून, पाहून आणि विचारून जमवलेले आहे.

चित्रकाराला पहिल्या भेटीत काय द्यावे, हा पहिला प्रश्न. प्रकाशनसंस्थेकडून बहुधा दहा-बारा ओळींचा सारांश जातो आणि त्याच्या जोडीला ‘लेखिकेच्या कल्पना’ म्हणून एक परिच्छेद. महिन्याला अनेक मुखपृष्ठे करणाऱ्या माणसाला प्रत्येक हस्तलिखित शेवटपर्यंत वाचणे शक्य नसते, हे समजून घेतले पाहिजे. तरीही संपूर्ण हस्तलिखित द्यावेच, आणि त्यातली कोणती पाने आधी वाचावीत ते आपण सांगावे. सारांशात कथानक असते, आणि कथानकाचा मुखपृष्ठाला फारसा उपयोग नसतो. माझी कादंबरी वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारे आणि साचे बनवण्याच्या विभागात, काम करणाऱ्या कामगाराची. पहिल्या भेटीत मी त्याच्या आयुष्याची गोष्ट सांगायला लागले, तेव्हा चित्रकाराने मला थांबवले. “ताई, गोष्ट मला वाचून कळेल. त्या शेडमध्ये उजेड कुठून येतो, ते सांगा.”

हा प्रश्न मला कादंबरी लिहिताना कोणीही विचारलेला नव्हता. छपरात मध्ये मध्ये बसवलेल्या अर्धपारदर्शक पत्र्यांतून येणारा पिवळट उजेड, दुपार कलली की लागणाऱ्या ट्यूबलाइट, प्रत्येक लेथ यंत्राच्या डोक्यावर वाकवलेला स्वतंत्र दिवा, हत्यार थंड ठेवणाऱ्या कूलंटचे दुधासारखे पांढुरके पाणी, वळ्या होऊन पडणारा लोखंडाचा कीस, असे मी सांगत गेले आणि ते लिहून घेत गेले. मग त्यांनी विचारले की कामगारांच्या हाताला दिवसातून सर्वांत जास्त वेळा काय लागत असेल. हत्यारे, चहाचा ग्लास, रुमाल, आणि फाटकाशी पंच करायचे हजेरीचे कार्ड. कार्डाचे नाव निघाले तसे ते सरसावून बसले. जुन्या टाइम क्लॉकमध्ये दोन रंगांची रिबन असे. वेळेवर आलेल्याची वेळ निळ्या-जांभळ्या शाईत उमटे आणि उशिरा आलेल्याची लाल शाईत. तेवढ्यावर मुखपृष्ठ उभे राहिले. एका कामगाराचे एका महिन्याचे कार्ड, निम्म्यापर्यंत भरलेले, त्यात एकच वेळ लाल, आणि त्याखाली सगळे रकाने कोरे. कारखाना बंद पडला, हे सांगायला दुसरे काही लागले नाही.

त्याआधी माझ्या परिचितांनी आणि प्रकाशकांच्या कार्यालयातल्या एक-दोघांनी धुरांडे सुचवले होते. कारखान्याची कादंबरी म्हटली की धुरांडे, मोर्चा किंवा फाटकाला लावलेले कुलूप ही तीन चित्रे आपल्या डोक्यात ठरलेली असतात. चित्रकाराचे म्हणणे एवढेच होते की वागळे इस्टेटमधल्या लहान इंजिनिअरिंग कारखान्यांना धुरांडी नसतात. धुरांडे काढले तर तो गिरणगाव होईल आणि ज्याला ठाणे माहीत आहे तो वाचक पुस्तक उघडण्याआधीच लेखिकेवरचा विश्वास गमावेल. या मुद्द्यावर लेखकाने हट्ट धरला तर मी तो योग्यच म्हणेन, कारण तो वास्तवाबद्दलचा हट्ट आहे. पेहराव, काळ, जागा, अवजारे, झाडे यांतली चूक लेखकालाच आधी दिसते आणि ती त्याने सांगायलाच हवी. कोकणातल्या घरावर देशावरचे धाब्याचे छप्पर आले, १९६०च्या दशकातल्या बाईच्या हातात आजच्या धाटणीची पर्स आली, तर गप्प बसू नये. पण रेषा जाड का, कोपरा रिकामा का, माणूस पाठमोरा का, हे विचारताना मात्र आधी स्वतःला विचारावे, की ही अडचण पुस्तकाची आहे की आपल्या हौसेची.

मराठी मुखपृष्ठांकडे थोडे मागे जाऊन पाहिले, की चित्रकाराला मोकळीक दिल्याने काय घडते ते दिसते. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) या दोघांनी एका पिढीच्या घराघरांत चित्र पोहोचवले. दोघेही मूळचे गोव्याचे, दोघांनीही स्वतःचे दिवाळी अंक चालवले, आणि तरीही दोघांची मुखपृष्ठे शेजारी ठेवली तर कोणते कोणाचे हे सांगायला सही पाहावी लागत नाही. दलाल विषय बदलला की शैली बदलत. मुळगावकरांच्या रंगांची झळाळी विषय कोणताही असला तरी तशीच राही. पुढे वसंत सरवटे, बाळ ठाकूर, पद्मा सहस्रबुद्धे, षांताराम पवार, सुभाष अवचट, चंद्रमोहन कुलकर्णी अशी नावे येतात, आणि त्यांच्यापैकी प्रत्येकाने मुखपृष्ठ म्हणजे कथेतल्या एका प्रसंगाचे रंगीत चित्र, या समजुतीपासून मराठी पुस्तकाला आपापल्या वाटेने दूर नेले. ठाण्यातले मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. अशा जुन्या ग्रंथालयांत बसून वेगवेगळ्या दशकांतली पुस्तके समोर मांडण्याची सवय मला आहे, आणि नव्या लेखकांनाही मी ती आग्रहाने सुचवते. खंत एवढीच की सार्वजनिक ग्रंथालयांत फिरून फिरून जीर्ण झालेले पुस्तक पुन्हा बांधायला जाते आणि बांधणीतून परत येताना पुष्कळदा मुखपृष्ठाविना येते. मराठी चित्रकलेचा केवढा तरी भाग अशा कापडी पुठ्ठ्यांनी गिळला आहे.

आता अक्षरांकडे वळते, कारण माझा खरा आग्रह इथे आहे. मराठी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर सर्वांत आधी वाचले जाते ते शीर्षक, आणि देवनागरीत शीर्षक बसवणे हे रोमन लिपीतल्या शीर्षकापेक्षा पुष्कळ अवघड काम आहे. रोमन अक्षरे एका रांगेत उभी राहतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे पाय असा तीन मजली संसार असतो. शीर्षक दोन ओळींत आले, की वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतली वेलांटी यांची टक्कर ठरलेली. मग घाईतला मांडणीकार दोन ओळींतले अंतर वाढवतो आणि शीर्षकाचे दोन तुकडे होतात. जाणता चित्रकार अंतर वाढवण्याऐवजी ओळ कुठे तोडायची याचा विचार करतो, एखादी वेलांटी थोडी लांबवतो, किंवा उकार बाजूला वळवून खालच्या ओळीच्या मोकळ्या जागेत सोडतो. हे संगणकाच्या कळफलकावर होत नाही, त्याला हाताने रेखाटलेले अक्षर लागते.

रोमन लिपीत शीर्षक भारदस्त दिसावे म्हणून अक्षरांमधले अंतर वाढवण्याची पद्धत आहे. तीच युक्ती देवनागरीला लावली की शिरोरेषा जागोजागी तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. तरी ती युक्ती अजून सर्रास वापरली जाते. दुसरी गंमत फाँट ताणण्याची. शीर्षक जागेत बसत नाही म्हणून ते आडवे दाबले, की उभ्या रेषा बारीक होतात, शिरोरेषा मात्र तेवढीच जाड राहते आणि अक्षरांचा तोल जातो. बोरूच्या, म्हणजे तिरक्या टोकाच्या लेखणीच्या, कापामुळे देवनागरीत जाड आणि बारीक रेषांचा एक ठरलेला क्रम येतो आणि तो रोमनच्या उलट दिशेने कललेला असतो. ज्याने हातात कधी बोरू धरलेला नाही त्यालाही तो बिघडल्याचे डोळ्यांना जाणवते, फक्त काय खटकते ते सांगता येत नाही.

या बाबतीत आपल्याकडे मोठी माणसे होऊन गेली आहेत. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली शीर्षके वर्तमानपत्रात पाहत आमची पिढी वाढली. अक्षर पाहूनच नाटक विनोदी आहे की गंभीर ते कळायचे. ते २०२० मध्ये गेले. र. कृ. जोशी यांनी सुलेखन, जाहिरात आणि संगणक या तिन्ही प्रांतांत काम केले, आणि विंडोजवर देवनागरी वाचणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेखालून गेलेला ‘मंगल’ हा फाँट त्यांचाच. अच्युत पालव यांनी मोडीच्या अभ्यासातून सुलेखनाला वेगळे वळण दिले. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. अक्षर हा स्वतंत्र कलाप्रकार आहे, हे या मंडळींनी सिद्ध केल्यावरही मुखपृष्ठाच्या मानधनात शीर्षकाच्या अक्षरांचा वेगळा विचार करणारे प्रकाशक मला फार थोडे भेटले.

प्रत्येक पुस्तकाला हाताने काढलेले शीर्षक परवडत नाही, आणि प्रत्येक पुस्तकाला ते शोभतेही असे नाही. फाँट वापरायचा असेल तर लेखकाने काही गोष्टी स्वतः तपासाव्यात. मराठीतला पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ यांची वळणे हिंदीत प्रचलित असलेल्या वळणांहून वेगळी आहेत. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात मराठीसाठी तीच प्रमाण धरली आहेत. अनेक फाँटांत हिंदी वळण आपोआप येते आणि मराठी वळण मिळवण्यासाठी मजकुराची भाषा मराठी अशी निवडावी लागते. काहींत ते मुळातच नसते. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांतला अर्धा र आडवा यायला हवा. तिथे रफार आला तर शब्दच बदलतो. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची जुळणीव्यवस्था निवडलेली नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षराचा पाय मोडून उघडा पडतो. या चुका मांडणी करणाऱ्याला दिसतीलच असे नाही, कारण मांडणी करणारा मराठी वाचणारा असेलच याची आता खात्री देता येत नाही. त्यातून श्रीलिपी या जुन्या फाँटप्रणालीतला मजकूर युनिकोडमध्ये आणताना होणाऱ्या उलथापालथी वेगळ्याच. म्हणून मी मुखपृष्ठाचे प्रूफ आतल्या मजकुराच्या प्रूफापेक्षा जास्त वेळा वाचते, आणि घरातल्या अशा माणसाला वाचायला देते ज्याने ते आधी पाहिलेले नाही. आतल्या पानावरची चूक शेकडो पानांत लपते, मुखपृष्ठावरची चूक पुस्तकाच्या प्रत्येक छायाचित्रात दिसते.

मोफत मिळणाऱ्या फाँटांविषयी एक सांगते. ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ यांसारखे ‘एक टाइप’ या संस्थेने केलेले फाँट खुल्या परवान्याखाली उपलब्ध आहेत आणि व्यावसायिक पुस्तकासाठी ते निर्धास्तपणे वापरता येतात. याउलट कुठून तरी उतरवून घेतलेला फाँट वापरला आणि परवाना नसल्याचे नंतर उघड झाले, तर त्याचा ताप प्रकाशकाला होतो. लेखकाने हा प्रश्न विचारला की समोरचा थोडा चकित होतो; होऊ द्यावे.

नमुने हाती आले की आपण मंडळी पहिली गोष्ट करतो ती म्हणजे दोन-तीन नमुने व्हॉट्सॲपच्या गटांवर टाकून ‘कोणते आवडले?’ असे विचारणे. मी हे करत नाही. ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही ते फोनच्या उजळ पडद्यावर जे अधिक भडक असेल ते निवडतात, आणि ते स्वाभाविकच आहे. शिवाय एकदा वीस जणांची मते घेतली, की त्या वीस जणांना आपले मत मानले गेले की नाही याची उत्सुकता लागते आणि चित्रकाराच्या वाट्याला वीस जणांच्या सूचनांची गोळाबेरीज येते. नमुना पाहण्याचे माझे दोन साधे मार्ग आहेत. एक म्हणजे तो प्रत्यक्ष आकारात, म्हणजे डेमी पुस्तकासाठी साडेपाच बाय साडेआठ इंचांवर, छापून घ्यावा, तेवढ्याच जाडीच्या पुस्तकाला गुंडाळावा आणि ते पुस्तक घरातल्या फळीवर इतरांमध्ये ठेवून दोन-चार दिवस येता-जाता पाहावे. दुसरा म्हणजे तो फोनवर अंगठ्याच्या नखाएवढा करून पाहावा, कारण ऑनलाइन विक्रीत पुस्तक पहिल्यांदा तेवढेच दिसते. नखाएवढ्या आकारात चित्र ओळखू आले नाही तरी चालते. शीर्षक वाचता आले पाहिजे. हजेरीच्या कार्डावरचे आकडे त्या आकारात दिसत नव्हते, पण एक लाल ठिपका दिसत होता, आणि चित्रकाराला तेवढेच हवे होते.

मत सांगताना ‘मला आवडले नाही’ एवढे म्हणून थांबू नये. ‘ही कादंबरी हळूहळू उलगडते आणि हे मुखपृष्ठ रहस्यकथेसारखे वाटते’ असे सांगितले, तर चित्रकाराला काहीतरी करता येते. ‘निळा थोडा कमी करा’ असे सांगणे म्हणजे डॉक्टरकडे जाऊन दुखणे न सांगता गोळीचे नाव सांगणे.

छपाईच्या बाबतीत लेखकाने छापखान्यात एकदा तरी जावे. वागळे इस्टेट मला रिक्षाच्या अंतरावर असल्याने हे सोपे होते. पडद्यावरचे रंग प्रकाशाचे असतात आणि कागदावरचे शाईचे. निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शायांतून झगझगीत केशरी किंवा विजेसारखा निळा पडद्यावरच्यासारखा उतरत नाही, तो थोडा मंदच येतो. त्यावर मॅट लॅमिनेशन, म्हणजे बिनचकाकीचा पातळ प्लास्टिकचा थर, केले की रंग आणखी खाली बसतात आणि गडद पार्श्वभूमीवर नखाचे ओरखडे दिसू लागतात. चारही शाया एकावर एक येणाऱ्या गडद रंगातून बारीक पांढरी अक्षरे सोडली, तर शाईचा एक थर केसभर सरकला तरी अक्षरांच्या कडा भरतात. म्हणून लेखकाचे नाव बारीक आणि पांढरे ठेवायचे असेल तर ते जरा जाड वळणात घ्यावे. कापताना चूक सावरायला चारही बाजूंना तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापून टाकायची जादा छापील कड, ठेवतात, आणि महत्त्वाचे काही कडेपासून आत घेतात. हे सगळे चित्रकाराला ठाऊक असते. लेखकाला ठाऊक असण्याचा फायदा असा, की पहिली प्रत हातात आल्यावर ‘पडद्यावर तर किती छान दिसत होते’ हे वाक्य तो बोलत नाही.

स्पाइनविषयी मात्र लेखकाने आधीच विचारावे, कारण तिची जाडी पाने आणि कागद ठरल्याशिवाय ठरत नाही. सोळा पानांचा एक फर्मा (एकत्र छापून घडी घातलेला कागद) धरला तर चौदा फर्म्यांचे पुस्तक २२४ पानांचे, म्हणजे कागदाचे ११२ तुकडे. एका कागदाची जाडी ०.१ मिलिमीटर धरली तर स्पाइन सुमारे ११ मिलिमीटर, त्याऐवजी ०.१३ मिलिमीटरचा फुगीर कागद घेतला तर साडेचौदा. ऐनवेळी कागद बदलला आणि कोणी चित्रकाराला कळवले नाही, की स्पाइनवरचे शीर्षक घडीवर सरकते किंवा मुखपृष्ठाच्या रंगाची एक पट्टी बाजूने डोकावते. पुस्तक आपल्या आयुष्यातला बहुतेक काळ फळीवर स्पाइन दाखवत उभे असते. तरीही मुखपृष्ठाच्या चर्चेत तिचे नाव शेवटी येते. ग्रंथालये स्पाइनच्या तळाशी क्रमांकाची चिठ्ठी चिकटवतात, त्यामुळे तिथे लेखकाचे नाव ठेवू नये, एवढी साधी गोष्टही सांगावी लागते.

मलपृष्ठ हा पूर्णपणे लेखक आणि संपादकाचा प्रांत. चित्रकार जागा देतो, ती किती शब्दांची आहे हे विचारून घ्यावे आणि तेवढेच लिहावे. मजकूर लांबला की अक्षर बारीक होते, आणि मराठी पुस्तके विकत घेणाऱ्यांत चष्मा असलेले पुष्कळ असतात. बारकोडची पांढरी चौकट चित्राचा विरस करते अशी तक्रार सगळेच चित्रकार करतात. पण तिच्या दोन्ही बाजूंची कोरी जागा कमी करता येत नाही, आणि रेघा लाल रंगात छापल्या तर स्कॅनरच्या लाल प्रकाशाला त्या दिसतच नाहीत. स्वतः पुस्तक काढणाऱ्यांसाठी एक गोष्ट. भारतात आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. तो मिळवून देण्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर आधी चौकशी करावी.

पैशांबद्दल आणि हक्कांबद्दल मराठी लेखक बोलायला लाजतो, आणि चित्रकार त्याहून अधिक. नेहमी एकत्र चहा पिणाऱ्या माणसाकडे करार कसा मागायचा, हा संकोच मलाही कळतो. पण कायदा संकोच ओळखत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याकडे सोपवायचे तर ते लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. त्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. मोबदला देऊन करवून घेतलेल्या रंगचित्राचा आणि छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते करवून घेणारा असतो. मात्र संगणकावर केलेल्या मांडणीला आणि अक्षरांकनाला हे कलम कसे लागू होईल यावर वाद घालता येतो, आणि तो वाद करारातल्या दोन ओळींनी टळतो. शिवाय हक्क सोपवल्यानंतरही आपले नाव लागावे आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड होऊ नये, हा कलावंताचा अधिकार कलम ५७ प्रमाणे त्याच्याकडेच राहतो. म्हणून मुखपृष्ठ ई-बुकवर, ऑडिओबुकच्या चौकोनात, पोस्टरवर आणि भाषांतराच्या आवृत्तीवर वापरायचे आहे का, याचा निर्णय सुरुवातीलाच लिहून ठेवावा. चित्रकाराचे नाव श्रेयपानावर तर हवेच, पण पुस्तकाची जाहिरात करताना आणि ऑनलाइन विक्रीच्या माहितीतही हवे. तिथे ते बहुधा गळते, आणि तिथे ते घालून घेणे लेखकाच्या हातात असते.

अलीकडे काही लेखक कृत्रिम बुद्धिमत्तेकडून तयार करून घेतलेले चित्र घेऊनच चित्रकाराकडे जातात आणि ‘असे काहीतरी हवे’ म्हणतात. संदर्भ म्हणून दाखवायला माझी हरकत नाही. पण त्या चित्रांतली देवनागरी पाट्यांवरची अक्षरे नीट वाचून पाहावीत, पुष्कळदा ती देवनागरीसारखी दिसणारी, कोणत्याही भाषेत न बसणारी नक्षी असते. आणि टूलरूम सांगितली की तिथेही धुरांडे येते.

छपाई झाल्यावर प्रकाशकाकडे छापायची पीडीएफ राहते, त्यात अक्षरे कर्व्ह केलेली, म्हणजे नुसत्या आकृत्यांत बदललेली, असतात आणि नंतर एक मात्राही बदलता येत नाही. मूळ उघडी फाइल कोणाकडे राहील, पुढच्या आवृत्तीला ती कोण उघडेल आणि त्याचे मानधन काय, हेही करारात यावे. माझ्या कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीला कागद बदलला, स्पाइन जाड झाली आणि कार्डावरची लाल वेळ नेमकी घडीवर येऊ लागली. चित्रकाराने फाइल उघडून कार्ड उजवीकडे सरकवले, शीर्षकातली एक वेलांटी त्या हिशेबाने पुन्हा काढली आणि करारात ठरलेल्या रकमेचे बिल प्रकाशकांना पाठवले. पैसे चित्रकाराला आठवड्याभरात मिळाले.